‘हंबली बेग’पासून ‘अंडर प्रोटेस्ट’पर्यंत

मोर्चात घोषणा कशा द्यायच्या हे आपल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. घसा आपोआप मोकळा होतो. पण मोर्चा तहसीलवर पोचला, निवेदन लिहायची वेळ आली, की त्याच पोराची मान कागदावर खाली जाते. बाहेर ‘मुर्दाबाद’ आणि कागदावर ‘आपणांस नम्र विनंती की’. इंग्रजीत लिहायचं ठरलं तर त्याहून खाली : ‘वुई मोस्ट हंबली बेग टु स्टेट’. म्हणजे आम्ही अत्यंत लीन होऊन, भीक मागून सांगतो. वस्तीवर दगड पडलेत, पाण्याची लाइन तोडलीय, आणि आपण नुसतं सांगायचीसुद्धा भीक मागतोय.

आणि ज्याला जोर आणायचाय तो लिहितो, ‘वुई अंडर प्रोटेस्ट यू’. ऐकायला दणदणीत. पण इंग्रजीत त्याचा काहीच अर्थ होत नाही. टेबलामागचा कारकून वाचून शेजारच्याला दाखवतो आणि दोघं हसतात. त्यांना ती संधी द्यायची नसते.

मी काही इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, पाळीच्या सुट्टीत डिक्शनरी चाळतो. पण ‘अंडर प्रोटेस्ट’ या दोन शब्दांच्या मागं मी दोन वर्षं लागलोय. हे दोन शब्द एका पावतीवर नव्हते म्हणून आमच्या घरातला जमिनीचा पैसा गेला. ते पुढं येईल. आधी माणसानं गाऱ्हाणं कागदावर कसं मांडलं, कुणाच्या भाषेत मांडलं, याचा इतिहास बघू. तो आपला इतिहास आहे आणि तो कुणी आपल्याला शिकवत नाही.

आपले घरचे शब्द घ्या. ‘अर्ज’ अरबीतून फारसीच्या वाटेनं आला. अर्थ, पुढ्यात मांडणं. ‘फिर्याद’ फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेला हंबरडा. ‘तक्रार’ अरबी, मूळ अर्थ पुन्हा पुन्हा तेच सांगणं. ज्यानं कुणी हा शब्द गाऱ्हाण्याला लावला त्याला कचेरी माहीत असणार! आणि ‘निषेध’ संस्कृत. धर्मशास्त्रात विधी आणि निषेध अशी जोडी असते. हे करा ते विधी, हे करू नका ते निषेध. पाणवठ्यावर यायचं नाही, वेद ऐकायचा नाही, चांगलं नाव ठेवायचं नाही, हे सगळे निषेध. हजार दोन हजार वर्षं आपल्यावर निषेध होते. आज आपण ‘जाहीर निषेध’ असं फलकावर लिहितो तेव्हा शब्दाचं तोंड उलटीकडे फिरतं. ‘जोहार’ टाकून ‘जय भीम’ घेतला तेव्हाही वाकलेला माणूस असाच सरळ झाला होता.

इंग्रजीची गोष्ट वेगळी नाही. आपल्याला वाटतं, इंग्रज माणूस पहिल्यापासून ताठ. पण त्याच्याही कागदाला गुडघे होते. इंग्लंडात राजाकडं किंवा पार्लमेंटाकडं अर्ज द्यायचा तर त्याचा साचा ठरलेला : वर ‘हंबल पिटिशन’, मग ‘हंबली शोएथ’, म्हणजे लीनपणे दाखवून देतो की, आणि शेवटी ‘युअर पिटिशनर्स, अ‍ॅज इन ड्यूटी बाउंड, विल एव्हर प्रे’. कर्तव्यबद्ध होऊन तुमच्यासाठी सदैव प्रार्थना करू. १६६१ साली तर त्यांनी कायदा केला, की राज्यकारभारात बदल मागणाऱ्या अर्जावर वीसपेक्षा जास्त सह्या घ्यायच्या तर आधी मॅजिस्ट्रेट लोकांची परवानगी, आणि अर्ज द्यायला दहापेक्षा जास्त माणसं न्यायची नाहीत. आपल्याकडं शिष्टमंडळाला ‘पाचच जण आत या’ म्हणतात, त्याचं मूळ फार जुनं दिसतंय. १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये राजाकडं अर्ज करणं हा प्रजेचा हक्क ठरला. अर्ज केला म्हणून तुरुंगात टाकणं बेकायदा झालं. हक्क मिळाला, पण ‘हंबली’ सुटलं नाही.

चार्टिस्ट चळवळीतले इंग्रज कामगार आठवा. मताचा हक्क मागत होते. १८३९, १८४२ आणि १८४८ असे तीनदा त्यांनी पार्लमेंटाकडं अर्ज नेले. १८४२ च्या अर्जावर तेहतीस लाखांवर सह्या होत्या. तीनही वेळा पार्लमेंटानं मागण्या फेटाळल्या. १८४८ च्या वेळी चळवळीनं सत्तावन्न लाख सह्या सांगितल्या, आणि पार्लमेंटाच्या कारकुनांनी मोजून १९,७५,४९६ जाहीर केल्या. वर, खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या नावाची सही सापडली म्हणून चेष्टा केली. वीस लाख खऱ्या माणसांचं काय, हे कुणी बोललं नाही. खोट्या सह्यांवर सगळे हसले. कारकुनाचं हसणं असं सगळ्या देशांत सारखं. तेच कामगार रस्त्यावर भाले उगारायची भाषा करत होते आणि कागदावर ‘हंबली शोएथ’ लिहीत होते, कारण त्या साच्याशिवाय अर्ज दाखल होत नव्हता.

हाच साचा बोटीत बसून इकडं आला. साहेबलोक एकमेकांना पत्र लिहितानासुद्धा ‘आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ लिहून सही करायचे. त्यांना तो रिवाज होता. ज्याला खरोखर ‘सर्व्हंट’ म्हणून जन्माला घातलंय त्यानं ते लिहिलं की रिवाज राहत नाही.

आता आपल्या माणसांकडं येऊ. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारनं महारांची फौजेतली भरती बंद केली. ज्या पलटणीत शिपाई, हवालदार, सुभेदारापर्यंत माणूस चढत होता, जिथं पोरांना सक्तीनं शाळा होती, ते दार लावून घेतलं. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’च्या नावानं लष्करी अधिकाऱ्यांसाठी विनंतीअर्ज तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय, आमच्या वाडवडिलांनी तुमच्या फौजेत रक्त सांडलं, आम्हाला परत घ्या. त्या साली भीमराव रामजी तीन वर्षांचे होते. रामजी सुभेदारांनीही या बंदीविरुद्धच्या अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असं धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात लिहिलंय. म्हणजे दुःख आपलं आणि वाक्य दुसऱ्याचं. रानड्यांनी मदत केली हे चांगलंच केलं. पण इंग्रजीतलं आपलं गाऱ्हाणं आपल्या हातानं लिहिणारा माणूस तेव्हा आपल्यात नव्हता, एवढं यातून दिसतं.

आम्हा गिरणीवाल्यांचंही तेच. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडं दिलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पंधरा तारखेच्या आत, जखमी कामगाराला भरपाई. मागण्या वाचल्या तर आज लाज वाटते, की एवढ्यासाठी साडेपाच हजार माणसांना विनवावं लागलं. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. मधली सहा वर्षं सभा, पुन्हा सभा, पुन्हा निवेदन. तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणं, ते असं.

मग पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. १९०३ साली सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा त्यांनी घेतली. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढलं. आणि १९१० साली दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे विलायतेत भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडं इंग्रजीत अर्ज पाठवला. हा अर्ज प्रत्येक कार्यकर्त्यानं मिळवून वाचावा. त्यात म्हटलंय, की मोठे राजकीय अधिकार आम्ही मागत नाही, तेवढं शिक्षण आमच्याकडं नाही. सरकारी नोकरीतल्या अगदी खालच्या जागा द्या, पोलिसात शिपायाची, फौजेत सैनिकाची. वाचताना घशात आवंढा येतो. पण त्याच अर्जात एक काटाही आहे : महार ख्रिस्ती झाला की त्याचा दर्जा एका दिवसात बदलतो, मग ब्रिटिश कायदा आणि ब्रिटिश न्याय आमच्यासाठी तेवढं का करू शकत नाही? हात जोडलेले, पण प्रश्न सरळ.

आपल्यातले काही मित्र या जुन्या अर्जांना नाकं मुरडतात. लाचारी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला गावात मान वर करून बोलायची सोय नव्हती, त्यानं विलायतेच्या मंत्र्याला, त्याच्याच भाषेत, कागद पाठवला. सोपं होतं का? पण या अर्जांचा पाया काय होता ते नीट बघायला पाहिजे. पाया होता सेवेचा. आम्ही तुमची चाकरी केली, म्हणून आमच्यावर दया करा. चाकरीच्या पायावर मागितलेली गोष्ट चाकरी घेणाऱ्याच्या मर्जीवर राहते. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरली, दया सरली.

आता वीस वर्षं पुढं चला. २० नोव्हेंबर १९३०, लंडन, पहिली गोलमेज परिषद. बाबासाहेब उभे राहतात. तेही पोलिसाचं आणि फौजेचंच बोलतात. इंग्रज यायच्या आधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, तुम्ही तो हक्क मिळवून दिला का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? पोलिसात घेत नव्हते, तुम्ही घेता का? फौजेत घेत नव्हते, तुम्ही ते दार उघडं ठेवलंय का? उत्तर त्यांनीच दिलं. दीडशे वर्षं राज्य करून तुम्ही काही बदललं नाही.

१९१० चा कागद आणि १९३० चं भाषण शेजारी शेजारी ठेवून वाचा. नोकऱ्या त्याच दोन. सरकार तेच. पण १९१० मध्ये ती प्रार्थना आहे आणि १९३० मध्ये ती आरोपपत्राची कलमं आहेत. एकात आपण मागतोय, दुसऱ्यात आपण साक्ष देतोय.

‘साक्ष’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘प्रोटेस्ट’ या शब्दाच्या पोटात तोच आहे. लॅटिनमध्ये ‘टेस्टारी’ म्हणजे साक्ष देणं, ‘प्रो’ म्हणजे पुढं, उघडपणे. प्रोटेस्ट म्हणजे चारचौघांसमोर पुढं होऊन साक्ष देणं. ओरडणं नाही, रडणं नाही, मागणं तर नाहीच. म्हणून इंग्रजीत ‘ही प्रोटेस्टेड हिज इनोसन्स’ असंही वाक्य असतं. त्याचा अर्थ निर्दोषपणाचा निषेध केला असा नाही, आपण निर्दोष आहोत असं ठासून सांगितलं असा आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रावलो, पण मूळ कळल्यावर सगळं जागेवर बसलं.

१५२९ साली जर्मनीत श्पायर गावी साम्राज्याची सभा भरली होती. धर्माच्या बाबतीत आधी दिलेली मोकळीक बहुमतानं काढून घेतली. काही सरदार आणि चौदा शहरं उठून म्हणाली, विवेकाच्या बाबतीत तुमचं बहुमत आम्हाला बांधत नाही, आणि तसं लेखी नोंदवलं. त्या लेखी नोंदीवरून त्यांना ‘प्रोटेस्टंट’ नाव पडलं. अल्पसंख्यानं बहुमतासमोर ठेवलेला कागद, तिथून हा शब्द राजकारणात मोठा झाला. इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहातही हरलेल्या बाजूचे लॉर्ड आपला ‘प्रोटेस्ट’ कारणांसह सभागृहाच्या वहीत लिहून ठेवायचे. ठराव पास होतो, पण उद्या कुणी म्हणू नये की सगळ्यांची संमती होती.

बाबासाहेबांनी हेच हत्यार उचललं. सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांताच्या समितीत ते होते. समितीच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल दिला. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसनं संयुक्त राष्ट्रांकडं निवेदन दिल्याचं कळलं, तेव्हा बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या दोन-तीन प्रती मागवल्या. ड्यू बॉइसनी उत्तर दिलं. पुढच्या वर्षी काळ्या लोकांच्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांना जे निवेदन दिलं त्याचं नाव होतं ‘अ‍ॅन अपील टु द वर्ल्ड’. म्हणजे मालकाला अर्ज नाही, मालकाबद्दल जगाला साक्ष. बाबासाहेब असल्या कागदांवर केवढी नजर ठेवून होते बघा! आणि १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यावर त्या वेळच्या हंगामी पार्लमेंटात निवेदन करायचं, तर प्रत आगाऊ द्या म्हणून सांगितलं गेलं. १० ऑक्टोबरचा दिवस. बाबासाहेब सभागृह सोडून निघून गेले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. ते आजही वाचायला मिळतं. हिंदू कोड बिलाचं काय केलंत, अनुसूचित जातींचं काय केलंत, सगळी नोंद त्यात आहे. ‘हंबली’ कुठं सापडतं का बघा.

एकच जागा मला खुपते. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. गांधीजींचा जीव टांगणीला लावलेला, देशभर दंगलीची भीती, आपल्या खेड्यापाड्यातल्या माणसांच्या मानेवर सुरी. बाबासाहेबांनी सही केली. त्या कागदावर ‘अंडर प्रोटेस्ट’ हे शब्द नाहीत. असते तर करारच झाला नसता, हेही खरं. जी साक्ष तेव्हा कागदावर येऊ शकली नाही ती त्यांना तेरा वर्षांनी, १९४५ मध्ये, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं या पुस्तकात लिहावी लागली. जबरदस्तीनं घेतलेली सही पुढं संमती म्हणून दाखवतात, हे त्या पुस्तकाच्या पानापानांत जाणवतं.

आणि ‘अंडर प्रोटेस्ट’चं काम नेमकं इथंच आहे. नकार देणं परवडत नाही अशा वेळी घ्यायचं ते घ्यायचं, द्यायचं ते द्यायचं, पण संमती द्यायची नाही, आणि संमती नाही हे त्याच क्षणी, त्याच कागदावर नोंदवायचं. ही युक्ती गरिबांनी शोधली असं समजू नका. व्यापाऱ्यांनी शोधली. हुंडी वटली नाही की नोटरीपुढं तिचा ‘प्रोटेस्ट’ करायचा; १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात शंभराव्या कलमात तो आहे. गिरणीमालक, कारखानदार एक्साइज भरायचे, दर चुकीचा वाटला तर ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून भरायचे. १९४४ च्या सेंट्रल एक्साइज कायद्यात परतावा मागायला मुदत होती, पण ‘अंडर प्रोटेस्ट’ भरलेल्या रकमेला ती मुदत लागू नव्हती. मालकांना हे दोन शब्द तोंडपाठ. त्यांच्या कामगारांना मात्र वाटतं, प्रोटेस्ट म्हणजे फक्त गेटवरची घोषणा.

आता जमीन. वलंगकरांनी अर्ज केला त्याच १८९४ साली इंग्रजांनी भूसंपादन कायदा केला. धरण, कालवा, रेल्वे, सगळं त्यावर. तो २०१३ च्या अखेरपर्यंत चालला. त्यातल्या एकतिसाव्या कलमात लिहिलं होतं, की ज्याला रक्कम अपुरी वाटते त्यानं ती ‘अंडर प्रोटेस्ट’ घ्यावी. आणि ज्यानं तशी हरकत न नोंदवता घेतली त्याला अठराव्या कलमाखाली कोर्टाकडं वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येणार नाही. पुन्हा वाचा. दोन शब्द लिहिले तर कोर्टाचा दरवाजा उघडा, नाही लिहिले तर बंद. आणि हे शब्द कायद्याच्या इंग्रजी पुस्तकात.

आमचे आबा, म्हणजे थोरले चुलते, यांची जमीन माझ्या जन्माच्या आसपास कालव्यात गेली. कचेरीतून निरोप आला, पैसे घ्यायला या. आबा धुतलेलं धोतर नेसून गेले. छापील पावती पुढं आली, अंगठा उमटवला, रक्कम घेतली, साहेबाला हात जोडले. शेजारच्या बांधावरच्या दोघांनी वकिलाला विचारलं होतं. त्यांनी पावतीवर सहीच्या वर ते दोन शब्द लिहिले आणि मुदतीत अर्ज टाकला. मुदत किती, तर निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. कोर्टात त्यांचा दर वाढला, व्याज मिळालं. बांध एकच, माती एकच, पाणी एकच. आबांना कुणी सांगितलं नव्हतं. १९८४ च्या दुरुस्तीनं एक मागचं दारही ठेवलं होतं : शेजाऱ्याला कोर्टानं वाढवून दिलं तर त्या निकालापासून तीन महिन्यांत आपणही तेवढं मागायचं. तेही आबांना कुणी सांगितलं नाही. आबा म्हणायचे, ‘‘सरकारनं दिलं ते घेतलं, भांडून काय करायचं?’’ मी मोठा झाल्यावर ती पावती ट्रंकेतून काढली. कायदा वाचायला लागलो तो तिथून.

कोर्टं सगळी दगडाची नव्हती. १९९४ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की माणसानं वाढीव मोबदल्याचा अर्ज केला यातच त्याची हरकत दिसते. चांगलं झालं. पण त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. पावतीवर लिहायला पेनाचा अर्धा थेंब लागतो. २०१३ च्या नव्या कायद्यातही सत्त्याहत्तराव्या कलमात तीच अट तशीच आहे. जुना कायदा गेला, हे दोन शब्द राहिले.

तर मित्रांनो, वापर नीट कळू द्या. ‘अंडर प्रोटेस्ट’ हे क्रियापद नाही. ‘वुई अंडर प्रोटेस्ट’ असं वाक्य होत नाही. ते आपल्या सहीजवळ बसतं, किंवा ‘रिसीव्ह्ड अंडर प्रोटेस्ट’, ‘पेड अंडर प्रोटेस्ट’ असं, घेतल्या-दिल्याच्या मागं बसतं. मध्ये ‘द’ घालायचा नाही. जिथं काही घेतलं-दिलं नाही, नुसता अन्यायाविरुद्ध कागद द्यायचाय, तिथं ‘वुई स्ट्राँगली प्रोटेस्ट अगेन्स्ट’ लिहा आणि पुढं नेमकी गोष्ट लिहा : कुठली कृती, कुठली तारीख, कुणी केली. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘अगेन्स्ट’ लागतो. अमेरिकेतले लोक तो गाळतात, म्हणून पेपरात तसं दिसलं तर गोंधळू नका. ‘इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स’ हे शब्द घालायला हरकत नाही, पण ते दर निवेदनात घातले तर त्यांचं वजन जातं. आणि एकाच वाक्यात ‘हंबली’ आणि ‘प्रोटेस्ट’ घालू नका. लीनपणे साक्ष देतो, असं कुणी कोर्टात म्हणत नाही. सभ्य लिहा, शिव्या नकोत. ‘सर’ लिहायलाही हरकत नाही. पण भीक नको.

इंग्रजीच पाहिजे असंही नाही. १९६४ च्या कायद्यानं मराठी ही राज्याची राजभाषा आहे. ‘रक्कम अपुरी असल्याने हरकत नोंदवून, वाढीव मोबदल्याचा हक्क राखून स्वीकारली’ एवढं लिहिलं तर अर्थ तोच. मी कंसात इंग्रजी दोन शब्दही टाकतो, कारण उद्या प्रकरण वर गेलं तर वाचणाऱ्याला कायद्यातलेच शब्द दिसावेत.

गेल्या वर्षी आमच्या गिरणीत थकलेल्या पगारातला काही हिस्सा कापून वाटप झालं. रजिस्टर पुढं केलं, सही करा. मी सहीच्या वर लिहिलं. टाइमकीपर म्हणाला, ‘‘हा रकाना नाही, खाडाखोड चालत नाही.’’ मी म्हणालो, खाडाखोड नाही, माझ्याच सहीच्या जागेत लिहिलंय. पैसे द्यायचे थांबवले तर तसं लिहून द्या. त्यानं लिहून दिलं नाही, पैसे दिले. माझ्या मागच्या अकरा जणांनी तेच लिहिलं. मोबाइलवर पानाचा फोटो घेऊन ठेवला. युनियनचं प्रकरण लेबर ऑफिसात पडलंय. तारीख पडते, साहेब नसतात, पुन्हा तारीख. निकाल काय लागेल कोण सांगणार? पण बारा जणांनी कमी पगार राजीखुशीनं घेतला, असं त्या फायलीत कुणाला लिहिता येणार नाही.

निवेदन दिलं की आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. अंगठा देणाऱ्या माणसाच्या पावतीवर आधी हरकत लिहायची, त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची, मग अंगठा, आणि बाजूला साक्षीदाराची सही. आमच्या वस्तीत या कामाला सध्या गिरणीतली दोन पोरं आणि एक अंगणवाडी ताई आहे. नव्या रस्त्याची मोजणी चालू आहे, खुंट्या ठोकून झाल्यात, नोटिसा अजून यायच्यात.